मनगटावरचं नाव



श्रावण लागला की आपल्या मंडळांमध्ये सीमेवरच्या जवानांना राख्या पाठवायचा विषय निघतो. लातूरला निघतो, नांदेडला निघतो, उदगीर-औशालाही निघतो. पाकिटं भरली जातात, फोटो निघतो, ग्रुपवर येतो. चांगलंच आहे ते. पण राखी कुणाच्या हातात बांधली गेली हे आपल्याला कळत नाही. ज्याला मिळाली त्याचं नाव आपल्याला माहीत नसतं आणि तो जखमी होऊन घरी आला तर ते आपल्या कानावरही येत नाही. म्हणून आज सैनिक आणि मनगट या दोघांच्या नात्याबद्दल थोडं इतिहासातलं लिहिते. माझं माहेर नांदेडचं, कासार जैनांचं. वडिलांचा धंदा बांगड्यांचा. त्यामुळे मनगटाकडे बघायची सवय मला लहानपणापासूनची.

सुरुवात लांबून करते. १९७० साली अमेरिका व्हिएतनामच्या युद्धात अडकलेली होती. तिचे शेकडो सैनिक, त्यांत वैमानिक जास्त, शत्रूच्या कैदेत तरी होते किंवा बेपत्ता तरी. कॅलिफोर्नियातल्या एका विद्यार्थी संघटनेतल्या कॅरोल बेट्स आणि के हंटर या दोन मुलींना वाटलं की या माणसांची आठवण राहील असं काहीतरी करावं. टीव्हीवर कार्यक्रम करणारे बॉब डॉर्नन यांच्या हातात एक कडं होतं. ते त्यांना व्हिएतनामच्या डोंगराळ भागातल्या आदिवासींनी दिलेलं होतं. त्यावरून कल्पना सुचली. धातूची एक साधी पट्टी, वाकवून कड्यासारखी केलेली, आणि तिच्यावर एकाच सैनिकाचं नाव, हुद्दा आणि तो हरवला ती तारीख. ११ नोव्हेंबर १९७० ला ही कडी रीतसर बाहेर आली. किंमत अडीच डॉलर, म्हणजे विद्यार्थ्याच्या सिनेमाच्या तिकिटाएवढी.

यात अट एकच होती. ज्याचं नाव हातात आहे तो परत येईपर्यंत, किंवा त्याचं काय झालं हे कळेपर्यंत, कडं काढायचं नाही. ओळख ना पाळख, नातं नाही. शाळेतली मुलगी, दुकानातली बाई, कचेरीतला कारकून, प्रत्येकाच्या हातावर एका अनोळखी माणसाचं नाव. १९७६ पर्यंत जवळजवळ ५० लाख कडी वाटली गेली. १९७३ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ५९१ कैदी मायदेशी परतले, तेव्हा लोकांनी आपापल्या हातातली कडी काढून त्या त्या माणसाला पाठवून दिली. जे आलेच नाहीत त्यांची कडी पुढे वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकाच्या भिंतीपाशी लोक आणून ठेवू लागले. इराक आणि अफगाणिस्तानच्या लढायांनंतर तिथे तशीच कडी पुन्हा निघाली. आता ती मरण पावलेल्यांच्या नावाची असतात आणि काही ठिकाणी विक्रीचे पैसे जखमी सैनिकांच्या मदतीला जातात.

तुम्ही म्हणाल, तिकडच्या गोष्टी तिकडे. पण अशी वाट बघणं आपल्याकडेही झालेलं आहे, आणि तेही मराठी आडनावाच्या घरात. १९७१ च्या युद्धात ५ डिसेंबरला फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचं विमान पाकिस्तानात पाडलं गेलं. त्यांच्या लग्नाला दोन वर्षंसुद्धा झालेली नव्हती. पत्नी दमयंती तांबे म्हणजे बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या, १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. पकडलेल्या भारतीय वैमानिकांची जी बातमी तिकडच्या वर्तमानपत्रात आली, तिच्यात तांबे यांच्या नावाशी जुळणारं नाव होतं. पण युद्धकैदी परत आले त्यांत ते नव्हते. असे परत न आलेले आपले ५४ जण, म्हणून ती यादी ‘बेपत्ता ५४’ या नावानंच ओळखली जाते. दमयंतीताईंनी दिल्लीच्या विद्यापीठात क्रीडा विभागात नोकरी केली, दुसरं लग्न केलं नाही, वर्षानुवर्षं सरकारदरबारी पाठपुरावा केला. २००७ साली काही नातेवाइकांना पाकिस्तानचे तुरुंग बघायला नेलं, त्यांतही त्या होत्या. माणूस सापडला नाही.

हे वाचलं तेव्हा माझ्या मनात अगदी बायकी प्रश्न आला. अशा बाईनं बांगड्या घालायच्या की नाही, हे समाज कशावरून ठरवणार? नवरा आहे की नाही हे सरकारलाच सांगता येत नाही, तिथे शेजारपाजारच्यांना कसं सांगता येईल?

हा प्रश्न मला का पडला, त्याचं उत्तर आपल्या मराठवाड्याच्या दगडांमध्ये आहे. गावाबाहेर, मारुतीच्या देवळामागे, वेशीपाशी शेंदूर फासलेले उभे दगड तुम्ही पाहिले असतील. बऱ्याच जणी त्यांना देव समजून हात जोडतात. त्यातले पुष्कळसे वीरगळ असतात, म्हणजे लढाईत किंवा गाईगुरं वाचवताना मेलेल्या वीराचं स्मारक. त्याचं चित्र खालून वर वाचायचं. सगळ्यात खाली पडलेला वीर, त्याच्यावर लढाई, त्याच्यावर अप्सरा त्याला घेऊन जाताहेत, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत याची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. कर्नाटकात काही वीरगळांवर वरच्या चौकटीत लिंगाच्या जागी तीर्थंकर दिसतात, म्हणजे आपले श्रावकही लढत होते आणि मरत होते. पण आपल्या महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. चंद्र-सूर्य कोरले, नाव कोरायचं राहून गेलं.

वीरगळाच्या शेजारी कधी कधी दुसरा दगड असतो, सतीशिळा. त्यावर कोपरात वाकवलेला एक हात असतो, पंजा उघडा, आणि मनगटात बांगड्या. चुडा अभंग राहिला, म्हणजे ती नवऱ्यामागं जिवंत राहिली नाही, एवढंच तो दगड सांगतो. हातातल्या बांगड्या आठवण म्हणून कोरायची रीत आपल्याकडे शेकडो वर्षांपूर्वीच होती, ती अशी. ते आठवलं की माझा हात आपोआप माझ्या बांगड्यांकडे जातो.

सती बंद झाली. पण नवरा गेल्यावर बाईच्या हातातल्या बांगड्या फोडायची रीत राहिली. एरवी बांगडी पिचली तरी आपण ‘फुटली’ म्हणत नाही, ‘वाढवली’ म्हणतो. माझे वडील तर दुकानात तो शब्द कुणाला उच्चारू देत नसत. फक्त त्या एका दिवशी, आणि तेही मुद्दाम, बांगडी ‘फोडतात’. वडील दुरडी घेऊन आसपासच्या गावांना जायचे, तेव्हा काही दारांवरून आवाज न देता पुढे निघायचे. मी लहान होते, विचारलं तर म्हणाले, “त्या घरी आता कामच नाही आपलं.” त्यातलं एक घर फौजेतल्या माणसाचं होतं. गावानं त्याची आठवण ठेवली होती ती त्याच्या बायकोच्या रिकाम्या हातांवर. दुसरं स्मारक काही नव्हतं.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गावच्या ग्रामसभेनं ठराव केला की आपल्या गावात बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं हे प्रकार बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडसारखं करायला सांगितलं. ठराव झाला म्हणजे रीत गेली असं नाही, हे आपण सगळ्या जाणतो. रीत ग्रामसभेत नसते, ती अंत्ययात्रेच्या वेळी भोवती जमलेल्या आपल्यासारख्या काक्या-मावश्यांच्या हातात असते.

बांगड्यांनी सैनिकाला मदत झाल्याचाही इतिहास आहे, तोही सांगायला हवा. १९६२ च्या ऑक्टोबरात चीननं हल्ला केला. नोव्हेंबरात राष्ट्रीय संरक्षण निधी उभा राहिला आणि त्याच महिन्यात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. तेव्हा देशभर बायकांनी हातातल्या बांगड्या, पाटल्या, अंगठ्या काढून दिल्या. माझ्या सासूबाईंनी एक पाटली दिली होती. जोडीतली दुसरी त्यांनी कधी मोडली नाही आणि तिला जोडीदार पाटलीही केली नाही. एकच पाटली का घालता असं कुणी विचारलं की म्हणायच्या, “दुसरी चीनला अडवायला गेली.”

इथे बी.कॉम.ची सवय आडवी येते, म्हणून एक हिशेब स्पष्ट करते. आपण सगळ्या निजामाच्या मुलखातल्या, त्यामुळे तो फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल : १९६५ च्या युद्धात निजामानं देशाला पाच हजार किलो सोनं दान दिलं. नोंद आहे ती ४२५ किलोची, आणि ते दान नव्हतं. सरकारनं ऑक्टोबर १९६५ मध्ये सुवर्णरोख्यांची योजना काढली होती, साडेसहा टक्के व्याजाची, १९८० ला मुदत संपणारी. त्यात ती गुंतवणूक होती. त्यातही काही वाईट नाही, देशाला सोनं हवं होतं आणि त्यांनी दिलं. पण गुंतवणुकीला गुंतवणूक म्हणावं आणि सासूबाईंच्या पाटलीला दान म्हणावं. खतावणीत दोन्हींची पानं वेगळी असतात.

आता आपल्या घरापर्यंत दर वर्षी येणारी गोष्ट : ७ डिसेंबरचा ध्वजदिन. स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांनी, २८ ऑगस्ट १९४९ ला संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं ठरवलं की हा दिवस दर वर्षी पाळायचा. छातीवर टाचणीनं लावायचा तो छोटा कागदी ध्वज तुमच्याही मुलांनी शाळेतून आणला असेल. लाल, गडद निळा आणि फिकट निळा, म्हणजे भूदल, नौदल आणि हवाई दल. पूर्वी वेगवेगळे निधी होते, ते १९९३ साली एकत्र करून सशस्त्र सेना ध्वजदिन निधी झाला. त्यातून युद्धात अपंग झालेल्यांचं पुनर्वसन, वीरपत्नींना मदत, माजी सैनिकांच्या मुलांचं शिक्षण अशी कामं होतात. अमेरिकेतल्या कड्याचं आणि या ध्वजाचं काम तसं एकच : अंगावर एक खूण आणि तिच्यामागे थोडे पैसे. फरक एवढाच की आपल्या ध्वजावर नाव नाही आणि तो संध्याकाळपर्यंत गळून पडतो.

पैसे मात्र कुठे पोहोचतात ते बघायचं असेल तर पुण्याकडे बघा. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या हिंदी सैनिकांना हाताला काम मिळावं म्हणून मुंबईच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांनी १९१७ साली मुंबईत एक शाळा काढली. ती पुढे खडकीला गेली, क्वीन मेरी टेक्निकल इन्स्टिट्यूट म्हणून. शंभर वर्षं उलटून गेली. १९४४ साली दुसऱ्या महायुद्धातल्या जखमींसाठी पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र झालं. १९७१ च्या युद्धानंतर कमरेखाली किंवा मानेखाली लुळे पडलेल्या जवानांसाठी १९७४ साली खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर सुरू झालं. ध्वजदिन निधीतून या केंद्राला अनुदान जातं. तिथले काहीजण तोंडात कुंचला धरून चित्रं काढतात.

जखमी माणसाला नीट आधार मिळाला तर काय होतं त्याचं उदाहरण सांगली जिल्ह्यातलं आहे. मुरलीकांत पेटकर. फौजेतले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कण्याला इजा झाली, कमरेखाली शक्ती राहिली नाही. उपचार म्हणून पोहायला लावलं. १९७२ साली जर्मनीतल्या हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. पद्मश्री मिळाली २०१८ साली. मधल्या ४६ वर्षांत आपल्यापैकी किती जणींना हे नाव माहीत होतं? सिनेमा आला तेव्हा कळलं. मेलेल्या सैनिकाला निदान एक दिवस गावभर पुष्पवृष्टी मिळते. जखमी झालेला घरी येतो, खुर्चीवर बसतो, आणि चार महिन्यांनी लोक त्याच्या बायकोला विचारायला लागतात, “पेन्शन किती बसली?”

आपल्यातल्या काहीजणी विचारतील, आपण अहिंसेला मानणारे, आपलं यात काय? तर श्रावकाला जी हिंसा सोडायला सांगितली आहे ती संकल्पी. स्वतःचं, दुर्बळाचं, देशाचं रक्षण करताना होते ती विरोधी हिंसा, गृहस्थाच्या बाबतीत ती वेगळी धरली आहे. रक्षाबंधनाला आपण विष्णुकुमार मुनींची कथा ऐकतो ती तरी कशाची आहे? सातशे मुनींचं रक्षण करायला त्यांनी आपलं मुनिपद बाजूला ठेवलं, आणि काम झाल्यावर प्रायश्चित्त घेतलं. आणि जखमीची सेवा तर औषधदानात आणि अभयदानातच बसते. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वर्षात, १९७५ साली, जयपूरला डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली. जयपूर फूट गरिबांना फुकट देणारी ती हीच. सुरुंगांनी पाय गेलेल्या अफगाणिस्तानातल्या माणसांपर्यंत ते पाय पोहोचले. युद्ध कुणाचं होतं हे पाय बसवताना कुणी विचारलं नाही.

आणि मराठवाड्याच्या माणसांनी तर फौजेचं ऋण डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ढिगारे उपसायला जवान आले होते. ती माणसं कुठली, त्यांची नावं काय, कुणी विचारायच्या परिस्थितीत नव्हतं.

पण एक नाव आपल्याला ठाऊक असायलाच हवं. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरल्या. सरकारी भाषेत ती पोलीस कारवाई. पहिलंच मोठं ठिकाण नळदुर्ग. आज तो धाराशिव जिल्हा, पण लातूर जिल्हा १९८२ मध्ये वेगळा होईपर्यंत तो आपलाच जिल्हा होता. त्या दिवशी नळदुर्गजवळ शीख रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे हवालदार बच्चित्तर सिंग आपल्या माणसांच्या पुढे होते. शत्रूच्या ठाण्यावर चालून जाताना मांडीत गोळ्या घुसल्या. ते पडले, सरपटत पुढे गेले, हातगोळे फेकून समोरची मशीनगन बंद पाडली, मागे न्यायला आलेल्यांना नकार दिला आणि तिथेच गेले. मरणोत्तर अशोकचक्र मिळालं, त्या सन्मानाच्या अगदी पहिल्या मानकऱ्यांत त्यांची गणना होते. माणूस अमृतसर जिल्ह्यातला. मेला तो आपल्या मुक्तीसाठी, मुक्तिसंग्रामाच्या शेवटच्या पाच दिवसांतल्या पहिल्या दिवशी. १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो, भाषणं ऐकतो. हे नाव त्या भाषणांत मी आजवर ऐकलेलं नाही.

शीख म्हणजे त्यांच्या हातात कडं असणारच. नांदेडला गुरुद्वाऱ्याभोवतीच्या दुकानांत तशी कडी ढिगानं टांगलेली असतात, पंजाबातून आलेले यात्रेकरू घेऊन जातात. आपल्यालाही ती परवडतात आणि त्यावर अक्षरं कोरून देणारे कारागीर प्रत्येक गावात आहेत. म्हणून मंडळांना माझं सुचवणं असं. या वर्षी राख्यांच्या पाकिटांबरोबर प्रत्येकीनं एका सैनिकाचं नाव घ्यावं. आपल्या तालुक्यातला शहीद, जखमी होऊन परतलेला, नाहीतर नळदुर्गचा बच्चित्तर सिंग. कड्यावर कोरा, राखीवर लिहा किंवा वहीत लिहून ठेवा, पण नाव पाठ असू द्या. आपापल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात ध्वजदिन निधी भरा आणि पावती घ्या. (प्राप्तिकरातली सूट जुन्या पद्धतीनं विवरणपत्र भरणाऱ्यांनाच मिळते, नंतर माझ्यावर चिडू नका.) जखमी सैनिक कुठल्या गावात आहेत, कुणाला चाकाची खुर्ची हवी, कुणाच्या मुलीची फी अडली आहे, हेही तिथेच विचारा.

आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी करताना त्या घरातल्या बाईचं नाव त्यात घाला. सैनिक गेला असेल तर तिचं नाव आधी. तिला वाण द्या, तिळगूळ द्या आणि तिच्या मनात असेल तर तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरा. कासाराच्या मुलीचं ऐका, बांगडी भरताना हात सैल सोडावा लागतो, नाहीतर काच बोचते. तेव्हा ती आधी संकोचेल, हात आखडता घेईल. तुम्ही घाई करू नका.